जिन्यावरचं बोलणं

आमच्या आईच्या घरात काही शब्दांना प्रवेश नव्हता. "संपलं" हा त्यातला पहिला. तांदूळ संपले असं म्हणायचं नाही, तांदूळ आणायचेत असं म्हणायचं. दिवा विझला म्हणायचं नाही. घराबाहेर पडताना "जाते" म्हणायचं नाही, "येते" म्हणायचं. एवढं थोडंफार सगळ्यांच्याच घरी असतं, पण आमच्या आईने त्याचा कायदा करून टाकला होता. कारण एकच. वास्तू ऐकत असते, आणि ऐकून तथास्तु म्हणते.

पनवेलच्या खांदा कॉलनीतला हा फ्लॅट घेतला तेव्हा रीतसर वास्तुशांत झाली होती. गुरुजींनी स्वयंपाकघराच्या आग्नेय कोपऱ्यातली एक फरशी उचलायला लावली, तिच्याखाली वास्तुपुरुषाची छोटीशी प्रतिमा ठेवली आणि वरून सिमेंट भरून घेतलं. त्या फरशीवर आईने कधी पिठाचा डबासुद्धा ठेवू दिला नाही. आधीच स्वयंपाकघर केवढं, त्यात हा कोपरा कायमचा राखीव. सणाला पहिला नैवेद्य देवाला आणि दुसरा या फरशीला. मला लहानपणी वाटायचं की खाली कुणीतरी भाडेकरू राहतो आणि आई त्याला जेवायला घालते.

बाबा या सगळ्याची यथेच्छ थट्टा करायचे. ते तळोज्याला एका केमिकल कंपनीत स्टोअरकीपर होते. आयुष्यभर कुठली वस्तू कुठल्या फळीवर आहे, कधी आली आणि कधी गेली हेच बघत आल्यामुळे त्यांचा अदृश्य गोष्टींवर विश्वास नव्हता. संध्याकाळी हॉलमध्ये पेपर वाचत बसलेले असायचे. आतून आईचा आवाज यायचा, "मेलं, जन्मभर पोळ्याच लाटत बसणार आहे मी." की लगेच पेपराच्या आडून, आवाज खर्जात नेऊन, बाबा म्हणायचे, "तथास्तु!"

आई लाटणं घेऊन दारात यायची. "गप्प बसा."

"मी कुठं बोललो? कोपऱ्यातून आवाज आला," असं म्हणून ते पान उलटायचे.

हे इतक्या वेळा झालेलं आहे की आमच्या घरचा आवाज कसा होता असं कुणी विचारलं तर मला तो खर्जातला तथास्तु आधी आठवतो. बाबांना पॅरालिसिसचा झटका आला त्यानंतर तो बंद झाला.

डावा हात आणि डावा पाय गेला. बोलणं राहिलं, पण जड झालं. एकेक शब्द तोंडात फिरवून मग बाहेर यायचा. घर तिसऱ्या मजल्यावर आणि बिल्डिंगला लिफ्ट नाही. हॉस्पिटलमधून घरी आणलं त्या दिवशी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चार जणांनी त्यांना वर चढवलं. दर जिन्यावर खुर्ची टेकवायची, पुन्हा उचलायची. दारोदारची माणसं बाहेर येऊन बघत होती, सगळी ओळखीची, सगळी कळवळून बघणारी, आणि बाबा डोळे मिटून बसले होते. कॉटवर निजवल्यावर ते म्हणाले, "आता मला खाली नेऊ नका."

आम्ही नेलं नाही. रोज सकाळी पिशवी घेऊन उरण नाक्यावर मासळी आणायला जाणारा, कोळणींशी दोन-दोन रुपयांसाठी मनसोक्त भांडणारा आणि शेवटी त्यांच्याचकडून चार बोंबील जास्त घालून घेणारा माणूस हॉलच्या खिडकीशी कॉटवर पडून राहिला. महिने गेले. आईचे गुडघे आधीच दुखरे. बाबांना उठवणं, बसवणं, बाथरूमला नेणं तिच्याने होईना, पण ते ती बोलायची नाही. बोलणार कुठे? घरात होत नाही म्हटलं आणि वास्तू तथास्तु म्हणाली तर?

मी तेव्हा नेरूळला राहत होते आणि दर रविवारी यायचे. असाच एक रविवार संपवून निघाले तर आई चपला घालून माझ्यामागोमाग बाहेर आली. दार ओढून घेतलं, कडी धरून उभी राहिली आणि अगदी हळू म्हणाली, "करंजाड्याला नवीन बिल्डिंगी झाल्यात म्हणे. लिफ्ट असते."

मी म्हटलं, "मग?"

"मग काय ते तू समज ना. सगळं मीच बोलू का?"

घर विकायचं, हे वाक्य तिने जिन्यावरसुद्धा उच्चारलं नाही. पण त्या दिवसापासून आमचं सगळं बोलणं जिन्यावर होऊ लागलं. मी आले की आधी जिन्यावर बोलायचं, मग घरात जायचं. निघताना पुन्हा जिन्यावर. मी एकदा म्हटलं, गॅलरीत बोलूया, निदान बसता तरी येईल. तर म्हणाली, गॅलरीत घरातलीच फरशी आहे. तिसऱ्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर, शेजाऱ्यांच्या चपलांच्या रॅकला टेकून आम्ही दोघींनी एका घराचा सौदा ठरवत आणला. माझी चिडचिड व्हायची. शिकलेली मी, नोकरी करणारी मी, आणि चोरासारखी जिन्यात कुजबुजते आहे. पण तिच्या तोंडाकडे बघितलं की राग ओसरायचा. घराला कळू नये म्हणून एवढी जपणारी बाई घराला सोडून निघाली होती, ते काय मजा म्हणून नव्हे.

घरात या कामाला नाव पडलं रंगकाम. "रंगकामाचा माणूस येणार आहे," असं आईने मोठ्याने जाहीर केलं, आणि आला तो एजंट. करंजाड्याजवळच्याच गावातला, पन्नाशीचा, गळ्यात जाड साखळी, हातात नवाकोरा कॅमेरा. त्याच्या घरची शेती प्लॉटांत गेली होती आणि आता तो दुसऱ्यांचे फ्लॅट विकून द्यायचा. विमानतळ येणार या एका वाक्यावर तेव्हा अख्खं पनवेल चालत होतं, त्याचाही धंदा त्यावरच. त्याला मी खालीच गाठून सांगून ठेवलं होतं की वर गेल्यावर काही बोलायचं नाही. तो बिचारा गप्प राहून सगळ्या खोल्या फिरला, कॉटवरच्या बाबांना नमस्कार केला, आणि जिन्यावर आल्यावर भडाभडा बोलला.

"काकी, घर चांगला हाय. पन गिऱ्हाईक आता पयलं कॉम्पुटरवर फोटू बगतं, मंग घरात पाय ठेवतं. फोटूत आजारी मानसाचं सामान दिसलं तं त्यो खालीच नाय उतरनार गाडीतनं. काकांची कॉट आतल्या खोलीत न्या. ती कमोडची खुर्ची, त्या औषिदाच्या बाटल्या, काठी, सगला हालवा. हॉल मोकला दिसला पायजे."

"आणि ते?" आईने विचारलं.

"काकांना मी घेईन ना बाजूला. कालजी नको."

मग पुढचे काही रविवार आम्ही घर फोटोसाठी तयार करत होतो. घर वीसेक वर्षं नांदलं की किती साठतं ते ते रिकामं करायला घेतल्याशिवाय कळत नाही. पिशव्यांत कोंबलेल्या पिशव्या निघाल्या. लग्नांत आलेली घड्याळं निघाली, एकही चालू नव्हतं आणि एकही टाकायचं नव्हतं. फ्रिजच्या डोक्यावर तर किराणा दुकानच होतं. शोकेसमधल्या बाहुल्या, काचेचे हंस, कुणाकुणाच्या मुंजीतले गणपती मी खोक्यात भरायला लागले तर आई प्रत्येक गणपती बाहेर काढून नमस्कार करून पुन्हा आत ठेवायची. बाथरूममधलं बादली-टमरेल, दाराशी लावलेली पायपुसणी, गॅलरीतल्या दोऱ्या, दोऱ्यांवरचे चिमटे, सगळं हललं. हॉलच्या भिंतीला ओल होती. एजंटने तिथे झाडाची कुंडी ठेवायला सांगितली होती. ती तुळशीची नको म्हणाला, गिऱ्हाईक कोण असेल सांगता येत नाही. मग मी नर्सरीतून कसलंसं मोठ्या पानांचं झाड आणलं. आईला ते मुळीच आवडलं नाही. "याला ना फूल ना वास," म्हणाली, आणि तरी रोज त्याची पानं फडक्याने पुसत राहिली.

पण सगळ्यात आधी हललं ते बाबांचं. कारण एजंटने बोट ठेवलं होतं ते त्यांच्याच वस्तूंवर. कमोडची खुर्ची आम्ही शेजारी नेऊन ठेवली, लागेल तेव्हा आणायची. औषधांचं टेबल गेलं, बाटल्या खोक्यात गेल्या. दाराशी त्यांच्या चपला होत्या, महिनोन् महिने न घातलेल्या, त्या कागदात गुंडाळल्या गेल्या. कपाट उघडं ठेवून फोटो काढायचा होता, म्हणून त्यांचे शर्ट सुटकेसमध्ये भरून सुटकेस पलंगाखाली सरकवली. आईच्या साड्या मात्र घडी करून तिथेच ठेवल्या. साड्या फोटोत छान दिसतात, असं माझंच मत. हे सगळं चाललेलं असताना बाबा कॉटवरून बघत असायचे. मध्येच विचारायचे, "हे कुठं?" आई मोठ्याने सांगायची, "रंगकाम आहे ना!"

आता त्यांना सांगायला हवं होतं. सांगणार कोण? आई घरात बोलणार नाही, आणि बाबा घराबाहेर येणार नाहीत. मी म्हटलं, मी सांगते. आईने माझा हात धरला. "घरात नको गं. एकदा शब्द पडला की पडला. व्यवहार व्हायच्या आधीच काही वेडंवाकडं झालं तर?" मग तिनेच तोड काढली. माझा भाऊ बंगलोरला असतो, त्याने फोनवर सांगायचं. तो बोलेल तिकडे, म्हणजे शब्द बंगलोरला पडेल.

"अगं, पण फोन ऐकू येणार तो याच घरात ना?"

"ऐकू येईल तो त्यांच्या कानात," आई म्हणाली. सुप्रीम कोर्टातसुद्धा यावर अपील करता आलं नसतं.

रविवारी भावाचा फोन आला. मी तो बाबांच्या उजव्या कानाला धरला. आई स्वयंपाकघराच्या दारात पदराचं टोक पिळत उभी. भाऊ बराच वेळ बोलत होता. बाबा ऐकत होते. मग म्हणाले, "हो." थोड्या वेळाने, "हो, कळलंय मला." आणि शेवटी, "माझी काही हरकत नाही. आईला सांभाळा तुम्ही दोघं." फोन माझ्याकडे देऊन त्यांनी खिडकीकडे तोंड केलं.

मी जिन्यावर जाऊन भावाला विचारलं. तो म्हणाला, "मी म्हटलं, बाबा, आईने सांगितलं असेलच तुम्हाला, नसेल तरी घरात काय चाललंय ते दिसतंच आहे. सगळ्यांच्या सोयीसाठी आहे, तुमच्याही. तुम्हाला चालेल ना? तर एका शब्दाने विरोध नाही, लगेच हो म्हणाले." आमचा भाऊ लहानपणापासूनच गोड बोलणारा, कडू गोष्ट असली की तिला चार कागदांत गुंडाळून देणार. पण हो म्हणाले ना, झालं तर. आईने तिथेच जिन्यावर देवाला हात जोडले. मलाही भरून आलं. ज्या घराचे हप्ते फेडत उभी हयात गेली, ते सोडायला माणूस असा शांतपणे तयार होतो, म्हणजे मोठंच मन, असं मी नेरूळला परतताना सगळ्या रस्त्याने स्वतःला सांगत होते.

त्यानंतर बाबा फार शहाण्यासारखे वागायला लागले. व्यायामाला कुरकुर नाही, जेवणाला नखरे नाहीत. एकदा आईकडे ओल्या बोंबलाचं कालवण मागितलं, आणि बोटं चाटून खाल्लं. मला जवळ बोलावून म्हणाले, "आईचे गुडघे दाखव. ती स्वतःहून जायची नाही." आई तर म्हणायला लागली की बघ, तोंडाला चव आली, माणूस सुधारतोय. फक्त गॅलरीतला एक कपडे वाळवायचा चिमटा सापडत नाही म्हणून ती दोन दिवस हैराण होती. आम्हाला त्यात काही दिसलं नाही.

फोटोंच्या दिवशी एजंट सकाळीच आला. ऊन हॉलमध्ये सरळ येतं तेव्हाच काढायचे, हे त्याचं शास्त्र. आल्याआल्या त्याने घरातले सगळे दिवे लावायला लावले. भरदिवसा दिवे म्हटल्यावर आईचा जीव खालीवर झाला, पण तिने हूं का चूं केलं नाही. पंखे लागले, पडदे सरले, मोठ्या पानांचं झाड ओलीसमोर उभं राहिलं. घर खरोखरच मोठं दिसायला लागलं. मोठं आणि कुणाचंच नसलेलं.

आणि मग बाबांना हलवायचं काम सुरू झालं. हॉलचा फोटो काढायचा म्हणून मी आणि एजंटने त्यांना खुर्चीत बसवून आतल्या खोलीत नेलं आणि त्यांची कॉटही उशी-चादरीसकट तिथेच नेऊन ठेवली. आतल्या खोलीची वेळ आली तेव्हा स्वयंपाकघरात. स्वयंपाकघराची आली तेव्हा गॅलरीत. कॅमेरा ज्या दिशेला तोंड करील त्याच्या पाठीमागे बाबा. आईने त्यांना इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून दिला होता. कशाला कोण जाणे, फोटोत तर ते येणार नव्हते. मला ते बघवेना, पण थांबताही येईना, कारण ऊन सरकत होतं आणि एजंट घाई करत होता.

आतल्या खोलीचा फोटो काढायच्या वेळी त्या कॉटवर नवी चादर घालायची राहिली होती. आईने उशी उचलली तर तिच्याखाली एक पिशवी. तीच, मासळी आणायची, निळी जाड नायलॉनची, धुऊन खिळ्याला अडकवलेली असायची ती. पिशवीचं तोंड चिमट्याने बंद केलेलं. हरवलेला चिमटा. आईने तो काढून आत बघितलं आणि तिचा पारा चढला.

"अहो, हे काय? दाढीचं सामान उशीखाली घेऊन झोपताय? रेझर लागलं असतं म्हणजे?"

तिने एकेक वस्तू बाहेर काढली. रेझर, दाढीचा ब्रश, टूथपेस्ट, चष्म्याचं घर, पंचा. आणि देव्हाऱ्याजवळ असायचा तो आमचा चौघांचा जुना फोटो, फ्रेमसकट. मी म्हटलं, फोटोसाठी आवरताना माझ्याच हातून इकडेतिकडे पडलं असेल. आई म्हणाली, पडेल कसं, चिमटा लावून? बाबा खोलीच्या दारात खुर्चीत बसले होते. ते नुसते चादरीच्या घडीकडे बघत राहिले.

एजंटला राहवेना. त्याला आत न बोलण्याची शपथ घातली होती, पण शपथ पाळायची किती वेळ? त्याने बाबांच्या खांद्यावर हात ठेवला आणि प्रेमाने म्हणाला, "काका, आता थोडं दिवस कल सोसा. नवीन घरात लिफ्ट हाय. बटान दाबला का खाली. तुमी आन काकी रोज बाजारात जाल."

आईच्या हातातून पंचा पडला. शब्द पडला होता, भर घरात, सगळे दिवे लावलेले असताना.

बाबांनी मान वळवली. ओठ हलले, मग आवाज आला. "कुठलं घर?"

"करंजाड्याचा. तुमाला म्हाइत नाय?" एजंट आमच्याकडे बघायला लागला.

"मी आणि ही?" बाबांनी आईकडे बोट केलं. "दोघं?"

मी त्यांच्यासमोर खाली बसले. म्हटलं, "बाबा, दादाने सांगितलं ना फोनवर? तुम्ही हो म्हणालात."

त्यांना एकदम बोलता येत नव्हतं, आणि त्या दिवशी तर शब्द जास्तच अडत होते. जे बोलले ते तुटक तुटक, पण क्रम बरोबर. स्टोअरकीपरचा हिशेब. खुर्ची गेली. औषधं गेली. चपला गेल्या. शर्ट सुटकेसमध्ये गेले. "हिचं काही हललं नाही," ते म्हणाले. "साड्या तिथेच. मग म्हटलं, ज्याचा माल हलतोय, तोच जाणार." थोडं थांबून म्हणाले, "कुठल्या तरी आश्रमात ठेवताय. बरोबर आहे. हिच्याने उचलवत नाही मला. म्हणून हो म्हटलं."

आवराआवरीत सगळं त्यांच्या कॉटजवळ येऊन पडायचं, त्यातून हाताला लागेल ते उचलून पिशवी त्यांनी एका हाताने भरली होती. रात्री की दुपारी, कधी, कळलं नाही. गाठ मारता येत नव्हती म्हणून चिमटा. आणि ते बोंबलाचं कालवण, ते माझ्या आईच्या गुडघ्यांचं सांगणं, ते शहाण्यासारखं वागणं, सगळं मला आत्ता कळत होतं. माझा बाप आम्हाला सोडून जायला तयार होऊन बसला होता, आणि तक्रारीचा एक शब्द त्याने घरात पडू दिला नव्हता. मी तिथेच रडायला लागले. एजंटने कॅमेरा गळ्यातून काढून टेबलावर ठेवला आणि पायांकडे बघत उभा राहिला.

आई मात्र रडली नाही. ती त्यांच्यासमोर गेली, कमरेवर हात ठेवून उभी राहिली, आणि ज्या बाईने इतके दिवस जिन्यात कुजबुजत काढले ती खालच्या मजल्यावर ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, "घर विकतोय आपण! घर! तुम्हाला नाही!"

बाबा बघत राहिले.

"लिफ्ट नाही म्हणून विकतोय. तुम्हाला खाली उतरता यावं म्हणून विकतोय. मला सोडून आश्रमात जायला निघाले, आणि तेही रेझर घेऊन! दाढी कोण करणार होतं तिथे तुमची?" रोज तीच करायची त्यांची दाढी.

मग ती तरातरा स्वयंपाकघरात गेली. मला वाटलं पाणी प्यायला गेली. ती आग्नेय कोपऱ्यात, त्या फरशीसमोर जाऊन उभी राहिली. नैवेद्य दाखवताना सोडलं तर तिला तिथे कधी बोलताना मी बघितलं नव्हतं.

"ऐकलंस ना सगळं? आता हेही ऐक," ती फरशीला म्हणाली, अगदी घरातल्या माणसाशी बोलावं तसं. "लपवत होते तुझ्यापासून. आता नाही लपवत. विकायचंय हे घर. कुणा चांगल्या माणसांना मिळू दे. त्यांच्याकडे लहान मुलं असू देत. आणि आम्हाला दोघांना, कुठंही गेलो तरी, शेवटपर्यंत एकाच घरात ठेव."

पंखे फिरत होते. आणि आतल्या खोलीच्या दारातून, जड जिभेने, एकेक अक्षर ढकलत, पण आवाज खर्जात नेऊन बाबा म्हणाले,

"त... था... स्तु."

आई फरशीसमोर तशीच उभी होती, आमच्याकडे पाठ करून. तिचे खांदे हलत होते. हसत होती की रडत होती, मला अजून सांगता येत नाही. मग ती पदराने तोंड पुसून बाहेर आली.

"गप्प बसा," ती म्हणाली.

तिने आमचा चौघांचा फोटो देव्हाऱ्याजवळ परत नेऊन ठेवला, रेझर आणि ब्रश उचलला आणि बाथरूममध्ये गेली. तिथला फोटो अजून काढायचा होता, पण तिला थांबवायची आमची कुणाची हिंमत झाली नाही. तो फोटो तसाच निघाला आणि तसाच कॉम्प्युटरवर चढला, आरशाखालच्या फळीवर बाबांच्या दाढीच्या सामानासकट.